चष्म्याचा नंबर आणि १४५.८००

बाबांचं ‘अनफिट’चं पत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते २००८च्या सप्टेंबरात, आणि तेही एका अमेरिकन माणसाच्या बातमीमुळे.

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाचं. पुढे काउंटर, मागे फळ्यांवर लोकांचे उघडे पडलेले सेट, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. मी तेव्हा फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून ऐरोलीला नोकरीला लागले होते. शिफ्टची ड्यूटी. रात्रपाळी करून ठाणे-वाशी लोकलने घरी यायचं, दोन तास झोपायचं आणि बाबांचा डबा घेऊन दुकानात जायचं, असा क्रम होता. त्या दिवशी डबा ठेवला तरी बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मग पेपर माझ्यासमोर सरकवून म्हणाले, “हे वाच.”

रिचर्ड गॅरियट नावाचा, कॉम्प्युटर गेम बनवणारा माणूस स्वतःच्या पैशाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाणार होता. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे नासाचे अंतराळवीर. आसपासच्या घरांतही अंतराळवीरच राहायचे, त्यामुळे मोठं झालं की अवकाशात जायचं असतं, असंच त्या मुलाला वाटायचं. तेराव्या वर्षी चष्मा लागला आणि नासाच्या डॉक्टरने सांगून टाकलं की आता तुला अंतराळवीर होता येणार नाही.

बाबांनी गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडीवर फाटायला आलेला टाइप केलेला कागद होता. १९७२ सालचा. बाबांना जहाजावर रेडिओ ऑफिसर व्हायचं होतं, हे मला ऐकून माहीत होतं. मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघेची भाषा, शिकले होते, अजूनही टेबलावर बोटं वाजवताना ती लय यायची. पण डोळ्यांच्या तपासणीवर सगळं अडलं, हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं. चष्म्याचा नंबर साडेचार आणि त्याखाली एक शब्द, शिक्क्याचा. छत्तीस वर्षं तो कागद गल्ल्याखाली होता.

“हा माणूस जाणार,” बाबा म्हणाले. “आणि वर गेल्यावर हॅम रेडिओवर बोलणार. आपण ऐकायचं.” हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ.

पुढचा दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आधी त्याच्याबद्दल सांगते, कारण बाबांना तो माणूस का भिडला हे त्याशिवाय कळणार नाही. दुकानात येणाऱ्यांपैकी बरेच जण बातमी ऐकून म्हणायचे, श्रीमंतांचे चोचले, दुसरं काय. त्याच्या तिकिटाची किंमत साधारण तीन कोटी डॉलर सांगितली जात होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने दीडशे कोटींच्या आसपास. आकडा ऐकून कोणालाही तसं वाटेल. मला मात्र ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पैसे देऊन जागा मिळते, शरीर विकत मिळत नाही. आधी डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली. मग तपासण्यांत त्याच्या यकृतावर रक्तवाहिन्यांची एक गाठ सापडली. एरवी ती आयुष्यभर तशीच राहिली असती. पण यानातला हवेचा दाब अचानक उतरला तर तिच्यातून आत रक्तस्राव होण्याची भीती. ती काढल्याशिवाय परवानगी नाही. निव्वळ वर जाता यावं म्हणून त्याने पोट उघडून एवढी मोठी शस्त्रक्रिया करून घेतली. नंतर मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत रशियन भाषेसकट सगळं प्रशिक्षण. सोयुझ या रशियन यानात बसायचं तर प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन त्याच्या मापाची बैठक बनवतात, तीही बनवून घेतली.

खरं तर स्वतःच्या पैशाने स्थानकावर जाणारा पहिला माणूस तोच व्हायचा. पण डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला, पैसा गेला आणि ती जागा डेनिस टिटोंना मिळाली. टिटो गेले २८ एप्रिल २००१ला, साठाव्या वर्षी. त्यांच्यानंतर मार्क शटलवर्थ, ग्रेग ओल्सन, अनुशेह अन्सारी आणि चार्ल्स सिमोनी. गॅरियट सहावा. यादी वाचताना बाबांचं लक्ष दुसरीकडेच असायचं. ओल्सनना फुप्फुसाच्या एक्स-रेवरच्या डागामुळे आधी बाद ठरवलं होतं, ते पुन्हा तपासण्या करून परत आले. अन्सारी तर राखीव होत्या, मूळ जपानी प्रवासी उड्डाणाला महिना उरला असताना वैद्यकीय कारणाने बाद झाला म्हणून त्या गेल्या. बाबांनी ही सगळी माहिती जुन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून ठेवली होती. नावापुढे साल आणि सालापुढे ‘डोळे’, ‘फुप्फुस’, ‘यकृत’.

आता आमची तयारी. वागळे इस्टेटमध्ये बाबांच्या ओळखीचे एक काका राहायचे. ते परवानाधारक हॅम. दुकानात सुटे भाग न्यायला यायचे ते तासभर बसून जायचे. त्यांच्याकडे दोन मीटर बँडचा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, हँडसेट होता. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “सेटला येते ती रबरी अँटेना विसरा. स्थानक डोक्यावर असताना चार शब्द येतील, बाकी खरखर. यागी बनवा, एका दिशेला रोखायची अँटेना. मेझरिंग टेपची.”

मला वाटलं, माप घ्यायला टेप लागेल असं म्हणतायत. पण टेप हीच अँटेना. जांभळी नाक्यावरून आम्ही पोलादी पट्टीची एक मेझरिंग टेप, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, त्याचे जोड आणि पाण्याच्या नळीला लावतात त्या स्क्रूच्या क्लिपा आणल्या. पत्र्याच्या कात्रीने पट्टीचे चार तुकडे केले. मागचा रिफ्लेक्टर १०५ सेंटिमीटर, पुढचा डायरेक्टर ८९, आणि मधल्या भागासाठी पंचेचाळीस-पंचेचाळीसचे दोन. पट्टीवर आकडे छापलेले असतात, त्यामुळे वेगळं माप घ्यावं लागत नाही. टोकं कापल्यावर सुरीसारखी धार येते, ती गोल घासून वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची. हे आधी केलं नाही म्हणून माझ्या अंगठ्याला लागलंच.

मधल्या दोन तुकड्यांना केबल सोल्डर करायची होती, आणि हे काम बाबांनी मला करू दिलं नाही. पट्टीवर पिवळा रंग असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढायचा. त्याखाली आणखी एक थर, तो ब्लेडने खरवडायचा, पांढरं पोलाद लखलखेपर्यंत. पोलाद उष्णता लगेच ओढून नेतं, त्यामुळे पंचवीस वॅटच्या रोजच्या सोल्डरगनने तिथे सोल्डर वितळतो पण धरत नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. बाबांनी जाड टोकाची जुनी सोल्डरगन तापवली, पेस्ट लावली आणि आधी नुसत्या पट्टीवर कथलाचा पातळ थर चढवला. धूर वर आला, त्यांनी श्वास रोखून धरला होता. थर आरशासारखा झाल्यावर मगच केबलची तार टेकवली. त्या दोन सांध्यांमध्ये साडेबारा सेंटिमीटर तारेचा एक यू आकार, केबलशी मेळ बसण्यासाठी. सगळं मिळून खर्च तीनशेच्या आत. मोडून-वाकवून बाजाराच्या पिशवीत बसेल आणि सोडली की पट्ट्या फटकन सरळ होतील अशी.

गच्चीच्या किल्लीचा प्रश्न निघाला. सोसायटीत एकदोघांना ‘रेडिओचे किरण’ नको होते. आमची अँटेना फक्त ऐकणार आहे, बाहेर काही सोडणार नाही, हे मी तीन वेळा समजावलं. शेवटी आईने सेक्रेटरींच्या घरी जाऊन किल्ली आणली. ती काय बोलली हे तिने आजवर सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबरला, रविवारी, आपल्याकडच्या दुपारी साडेबाराच्या सुमारास बायकोनूरहून सोयुझ टीएमए-१३ सुटलं. यानात युरी लोन्चाकोव्ह, माइक फिंक आणि गॅरियट. वडील तिथे हजर होते, सत्याहत्तर वर्षांचे. आई मागून म्हणाली, “त्या बापाला काय वाटत असेल?” बाबा काहीच बोलले नाहीत.

यान स्थानकाला जोडलं गेलं १४ तारखेला, आणि ती नेमकी कोजागिरी. सगळी बिल्डिंग गच्चीवर. सतरंज्या, भेळ, पातेल्यात चंद्र पडलेलं मसाला दूध. बाबा अँटेना घेऊन टाकीच्या कठड्याशी उभे, आणि पोरं भोवती गोळा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “त्या चंद्रावर गेलाय का तो?” बाबांनी नीट समजावलं. चंद्र फार लांब, हे साडेतीनशे किलोमीटरवर. एसटीने कोल्हापूरला जायला जेवढं अंतर पडतं जवळपास तेवढंच, फक्त सरळ वर. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. आजी म्हणाल्या, “मग आवाज येईल की.” तेवढा विश्वास आम्हालाही नव्हता.

पहिले दोन दिवस काहीही आलं नाही.

स्थानक कधी येणार हे मी ऑर्बिट्रॉन नावाच्या प्रोग्रामवर बघायचे. कक्षेचे ताजे आकडे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, ठाण्याचे अक्षांश-रेखांश टाकायचे, की वेळ, दिशा आणि उंची मिळते. स्थानक आपल्या आकाशातून जाण्याच्या एका खेपेला पास म्हणतात, तो जास्तीत जास्त दहा मिनिटांचा. दिवसातून चार-पाच, त्यातले कामाचे दोनतीन, बाकीचे क्षितिजाला चाटून जाणारे. मी तक्ता छापून बाबांना दिला, आणि पहिल्या पासला आम्ही वेळेवर उभे राहूनही खरखरीशिवाय काही नाही. दुसऱ्यालाही नाही. काका आले, तक्ता पाहिला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मला घरी नेऊन कॉम्प्युटरचं घड्याळ दाखवायला सांगितलं. ते तीन मिनिटं मागे होतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त धावणाऱ्या वस्तूसाठी तीन मिनिटं म्हणजे तेराशे किलोमीटरहून जास्त. मी फिजिक्स शिकलेली मुलगी, आणि बाबांचे दोन पास माझ्यामुळे वाया गेले होते. त्या दिवसापासून प्रत्येक पासच्या आधी आकाशवाणीच्या ठोक्याला घड्याळ लावायचं असा नेम केला.

दुसरी गोष्ट डॉपलरची. वहीत सूत्र लिहिलं होतं, परीक्षेत दहा मार्कांना आलंही होतं, पण हाताने ते करून बघितलं ते गच्चीवर. फास्ट लोकल हॉर्न देत प्लॅटफॉर्मवरून निघून जाते तेव्हा आवाज चढा असतो तो एकदम उतरतो, तसंच हे. स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं, पण येताना ते तीनेक किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि जाताना तेवढंच खाली. हँडसेटमध्ये पाच-पाचच्या पायऱ्या. म्हणून उगवताना १४५.८०५, डोक्यावर असताना ८००, मावळताना ७९५. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायची सोय, पूर्ण उघडा, त्यामुळे अशक्त आवाज कापला जात नाही, पण खरखर सतत कानात. काम वाटून घेतलं. अँटेना बाबांच्या हातात, सेट आणि घड्याळ माझ्याकडे. मी दिशा सांगायची, “येऊरच्या डोंगराकडे, अजून खाली,” आणि मग हळूहळू वर घेत, डोक्यावरून, पलीकडे पारसिकच्या डोंगराकडे. नुसती दिशा पुरत नाही, हातातली काठी स्वतःभोवतीही फिरवत राहावी लागते, कारण वरची अँटेना आपल्या संदर्भात फिरत असते. बाबांना ते सांगावं लागलं नाही. आवाजाच्या अंदाजाने त्यांचं मनगट आपोआप वळायचं. आयुष्यभर कानाने दुरुस्ती केलेला माणूस.

तिसऱ्या का चौथ्या रात्री, मी ८०५वरून ८००वर आले आणि खरखर एकदम पातळ झाली. कोणीतरी पडदा बाजूला केल्यासारखी. आणि तिच्यातून माणसाचा आवाज. इंग्रजी, घाईत नसलेला. पहिले शब्द लागलेच नाहीत. मग स्पष्ट, “...फाइव्ह किलो व्हिस्की क्यूबेक.” काका मागे उभे होते, त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. डब्ल्यू-फाइव्ह-के-डब्ल्यू-क्यू, हा गॅरियटचा कॉल साइन, रेडिओवरचं ओळखनाव. तो कोणाला तरी उत्तर देत होता. ज्यांना उत्तर देत होता ते आम्हाला ऐकू येत नव्हते, ते दिल्लीचे असतील, कोलंबोचे असतील, कारण तेवढ्या उंचीवरून एका वेळी दोन हजार किलोमीटरपर्यंतचे सगळेच त्याच्या टप्प्यात. आम्ही फक्त अर्धं संभाषण ऐकत होतो. काकांनी त्यांच्या दुसऱ्या सेटवरून १४४.४९०वर, म्हणजे स्थानकाला हाक मारायच्या फ्रिक्वेन्सीवर, पाच-सहा वेळा हाक दिली, उत्तर आलं नाही. एवढ्या गर्दीत ते यायचंही नव्हतं. चार मिनिटांनी पारसिकच्या बाजूला आवाज खरखरीत बुडाला.

बाबा अँटेना तशीच धरून उभे होते. दोनेक मिनिटांनी ती खाली ठेवली आणि मला विचारलं, “आर किती, एस किती?” आवाज किती कळतो आणि किती जोरात येतो हे हॅम लोक आकड्यांत सांगतात, ते काकांनी शिकवलं होतं. मी म्हटलं, चार-तीन. बाबांनी बिलबुकात लिहिलं. तारीख, वेळ, दिशा, ४-३. हात थरथरत होता म्हणून तीनचा आकडा वाकडा आलाय, अजून आहे तो.

त्या रात्री जेवताना बाबा पहिल्यांदा १९७२बद्दल बोलले. तपासणीच्या खोलीतला तक्ता, चष्मा काढून ठेवायला सांगणं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलांची नावं त्यांना अजून क्रमाने आठवत होती. त्यातला एक जण पुढे खरंच जहाजावर गेला, पहिल्या पगारात बाबांसाठी जपानी ट्रान्झिस्टर घेऊन आला. तो ट्रान्झिस्टर मी लहानपणापासून पाहिलेला, पण त्याची गोष्ट ठाऊक नव्हती. आईलाही नव्हती.

ओवेन गॅरियट १९७३ साली स्कायलॅब या नासाच्या अवकाश स्थानकावर एकोणसाठ दिवस राहिले होते. मग १९८३मध्ये कोलंबिया यानातून जाताना त्यांनी हातातला एक रेडिओ बरोबर नेला. अवकाशातून हॅम रेडिओवर बोललेला पहिला माणूस तो. त्याआधी अवकाशातल्या माणसाशी फक्त सरकारी केंद्रं बोलायची. त्यांच्यामुळे घराच्या गच्चीवरून बोलता येऊ लागलं. पंचवीस वर्षांनी मुलगा तेच करत होता, शिवाय वडिलांनी स्कायलॅबमधून टिपलेल्या जागांचे पुन्हा फोटो घेत होता, पस्तीस वर्षांत जमीन किती बदलली ते बघायला. गंमत म्हणजे त्याच वेळी स्थानकावर सर्गेई व्होल्कोव्ह होता, त्याचेही वडील अंतराळवीर. दोन देशांतली, वडिलांच्या मागून वर गेलेली दोन मुलं एकाच वेळी तिथे होती. हे वाचलं तेव्हा मी बाबांच्या काउंटरवर, त्यांच्याच स्टुलावर बसले होते.

गॅरियट चित्रंही पाठवत होता. स्लो स्कॅन टीव्ही म्हणतात. चित्राच्या एकेका ओळीचा आवाज करून रेडिओवर सोडतात, छत्तीस सेकंदांत एक चित्र. ऐकायला रातकिडा दातांत कंगवा घासतोय असं. ते आवाज कॉम्प्युटरला ऐकवले की चित्र उमटतं. आमचा कॉम्प्युटर डेस्कटॉप, तो गच्चीवर नेणं शक्य नव्हतं. बाबांनी दुकानातून कॅसेट रेकॉर्डर आणला, दुरुस्तीला येऊन कोणी न्यायला न आलेला. एका पहाटेच्या पासला रातकिडा वाजला. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि आम्ही तिघं श्वास धरून उभे. पारसिकच्या डोंगरावर झुंजुमुंजू होत होतं. दोन चित्रं पूर्ण आणि तिसऱ्याचा तुकडा मिळाला असावा, असा हिशोब केला.

घरी येऊन कॅसेट लावली, स्पीकरसमोर माइक धरला. पडद्यावर वरून एक-एक ओळ उतरू लागली. पहिल्या दहा-बारा ओळी नुसते रंगीत दाणे. मग एक उजळ कड दिसली, वळत जाणारी. तिच्याखाली निळसर काळं. पण चित्र तिरकं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी उजवीकडे सरकत होती, भिंतीवरचं पोस्टर एका खिळ्यावर लोंबकळावं तसं. मी म्हटलं, सिग्नल बिघडलाय. बाबा म्हणाले, “नाही, मोटर मंद आहे.” रेकॉर्ड करतानाच्या मानाने आता रेकॉर्डरची मोटर किंचित हळू फिरत होती, ओळ किंचित लांबत होती. त्यांनी मागचं झाकण उघडलं, मोटरच्या पाठीवरच्या छोट्या भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर घातला आणि केसभर फिरवला. पुन्हा कॅसेट. थोडं सरळ. पुन्हा केसभर. चौथ्या वेळी चित्र उभं राहिलं.

काय होतं ते? आजही छातीठोक सांगता येणार नाही. एक गोल, उजळ किनार आणि आत काळसर निळं, मध्ये दाण्यांच्या रेघा. “खिडकी असावी,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पडद्याला नाक लावून पुन्हा पाहिलं. खिडकीतून तो बघत असेल ती बाजू त्यांना बघायची होती.

२२ तारखेला सकाळी सहा बावीसला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ सुटलं. मी रात्रपाळीवरून येत होते, ठाणे स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर रेडिओ लागला होता आणि रिक्षावाले, हमाल, पेपर टाकणारी मुलं सगळे थांबून ऐकत होते. त्या सकाळी आपलं यान वर होतं आणि आमचा माणूसही वर होता. ‘आमचा’ असंच म्हणायला लागलो होतो.

परतीची धास्ती मात्र होती. आधीची दोन सोयुझ यानं, ऑक्टोबर २००७चं आणि एप्रिल २००८चं, उतरताना वाट सोडून सरळ कोसळल्यासारखी आली होती. एप्रिलचं तर ठरलेल्या जागेपासून चारशे किलोमीटरहून जास्त लांब पडलं आणि आतल्यांवर वजनाच्या आठपट भार आला. गॅरियट सोयुझ टीएमए-१२मधून व्होल्कोव्ह आणि त्याचा सहकारी कोनोनेन्को यांच्याबरोबर येणार होता. २४ तारखेला बाबांनी दुकान वेळेवर उघडलंच नाही. सकाळी नऊनंतर कझाकस्तानात यान ठरल्या जागी नीट उतरल्याची बातमी आली. वडील तिथे न्यायला आले होते. बाबांनी बिलबुकात लिहिलं, ‘उतरला. सुखरूप.’ आणि मग अकरा वाजता शटर वर केलं, कारण दिवाळी चार दिवसांवर होती आणि लोकांचे सेट द्यायचे राहिले होते.

मी नंतर परीक्षा दिली. रेडिओ थिअरी आणि नियम, दोन भाग. मोर्स न लागणारी रिस्ट्रिक्टेड श्रेणी. अर्ज करून परवाना हातात यायला वर्ष गेलं, मध्ये एकदा कागद हरवले म्हणून सगळं पुन्हा द्यावं लागलं. पण व्हीयू-थ्रीने सुरू होणारा माझा कॉल साइन आला तेव्हा बाबांनी तो टेबलावर मोर्समध्ये वाजवून दाखवला. मी म्हटलं, तुम्हीही द्या परीक्षा. ते म्हणाले, “मला ऐकायचंच होतं.” दुकान २०१६ला बंद झालं. रेडिओ दुरुस्तीला कोणी येईना.

२५ जून २०२५ला शुभांशु शुक्ला स्थानकाकडे निघाले. अ‍ॅक्सिअम या खासगी कंपनीची मोहीम, प्रमुख पेगी व्हिटसन, नासातून निवृत्त होऊन कंपनीत गेलेल्या. शुक्ला हवाई दलाचे, म्हणजे गॅरियटसारखे स्वखर्चाने जाणारे नव्हेत. पण स्थानकावर पोहोचलेला पहिला भारतीय असा खासगी मोहिमेतल्या जागेवर बसून गेला, हे बाबांना फार महत्त्वाचं वाटलं. बाबा आता चौऱ्याहत्तरचे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आत लेन्स बसवल्या आणि लांबचा नंबर गेला. त्रेपन्न वर्षांपूर्वी तक्त्यावर न दिसलेल्या ओळी त्यांना आता चष्म्याशिवाय वाचता येतात. कान मात्र उतरलेत.

स्थानकावर आता ४३७.८००वर रिपीटर असतो, पृथ्वीवरून आलेली हाक तो पुन्हा खाली सोडतो. त्यासाठी नवी अँटेना केली, सगळी मापं साधारण एक तृतीयांश, उरलेल्या टेपच्या तुकड्यांची. सोल्डर या वेळी मी केला आणि बाबांनी भिंग लावून तपासला. जुलैतली एक संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, गच्चीत पाणी साचलेलं. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, माझ्या मुलीने त्यांच्यावर छत्री धरली. मी सेट घेऊन शेजारी. येऊर ढगात बुडालेलं, वर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रिक्वेन्सी जास्त, म्हणून डॉपलरही तिप्पट, बोट सतत चालत ठेवावं लागत होतं. खरखर पातळ झाली आणि एकामागून एक हाका येऊ लागल्या. एक मल्याळी वळणाचा आवाज, एक कोणीतरी गुजरातेतला, मध्येच एक बाई. सगळे चारशे किलोमीटर वर जाऊन खाली येत होते.

“येतंय का?” बाबांनी विचारलं. मी सेट त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले आणि मनगट थोडं वळवलं.

“अजून आहे,” ते म्हणाले. “पारसिकपर्यंत जाऊ दे. बोट हलव, मागे पडतेयस.”